कमांडर मायदेव किनाऱ्यावर उतरतात

कमांडर मायदेव घराबाहेर पडत नाहीत. ते किनाऱ्यावर उतरतात. त्यासाठी आधी सुनेची परवानगी घेतात. मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकमधल्या आमच्या गल्लीत त्यांचे घर अगदी समोर असल्यामुळे हा विधी मी खिडकीतून रोज पाहत असे. दाराशी ताठ उभे राहून ते आत विचारीत, "किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी आहे?" आतून त्यांची सून मुग्धा म्हणे, "आहे बाबा. येताना दूध आणा. दोन लिटरचं." परत आल्यावर ते उंबऱ्यापाशी थांबत, घराला सलाम करीत आणि मगच आत पाऊल टाकीत. दूध नेहमी डाव्या हातात असे. उजवा हात सलामासाठी मोकळा ठेवावा लागतो.

त्यांच्या लेखी त्या घराला जमीन नाही, डेक आहे. स्वयंपाकघर ही गॅली आहे. घर विटांचे, एकमजली, पुढे हिरवळीचा रुमालाएवढा तुकडा. पण भारतीय नौदलात तीस वर्षे काढलेल्या माणसाला ते घर आहे हे पटवून देण्याची छाती कोणाला झाली नाही. पत्नी वारल्यावर ते मुलाकडे, निखिलकडे, राहायला आले. मुलगा संगणकात काम करतो आणि त्याला फेरीबोटीतही बोट लागते. या विषयावर पितापुत्र बोलत नाहीत.

मी लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलो होतो. महामारीत विमाने बंद झाली आणि राहिलो. पाटबंधारे खात्यात माझी तेहतीस वर्षे गेली, हे कमांडरांनी पहिल्याच भेटीत काढून घेतले आणि त्या दिवसापासून मला 'इरिगेशन' अशी हाक मारू लागले. माझे नाव विचारण्याचे त्यांना अद्याप सुचलेले नाही.

मेलबर्नमध्ये टाळेबंदी कडक झाली. दिवसातून एक तास बाहेर, तेही पाच किलोमीटरच्या आत. व्यायाम करायचा तर सोबत एकच माणूस, मध्ये दीड मीटर अंतर. सगळे शहर वैतागले. कमांडर प्रसन्न होते. "आत्ता या लोकांना राज्य चालवायचं कळलं," ते रस्त्यापलीकडून मला म्हणाले. "माणसं जागेवर, शिधा मोजून, बाहेर जायचं तर वेळ लावून. जहाज यापेक्षा वेगळं काय असतं?" पुढे त्यांनी त्यांचे आवडते वाक्य जोडले, "कोरडी जमीन माणसाला बिघडवते, इरिगेशन. नोंद करा."

'नोंद करा' हे ते सर्वांनाच म्हणत. मी मात्र खरोखरच नोंद करीत असे, कारण ते काम माझ्याकडे होते.

त्याचे असे झाले. निखिलची मुलगी सानिका इथल्या नौदलात मिडशिपमन झाली. मिडशिपमन म्हणजे अधिकारी होऊ घातलेला शिकाऊ. ती दूर, शेजारच्या राज्यात, प्रशिक्षण घेत होती. उन्हाळ्याच्या तोंडावर तिची पहिली सराव-सफर ठरली होती: सहा आठवडे समुद्रावर. नातीला पूर्वकल्पना असावी म्हणून कमांडरांनी 'सराव-सफरीत काय अपेक्षावे' या विषयावर व्याख्यानमाला सुरू केली. दर शनिवारी सकाळी दहा वाजता. स्थळ त्यांचे गॅरेज. गाडी बाहेर काढली जाई, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला जाई आणि पडद्यावर सानिका येई. मी गॅरेजच्या तोंडाशी, दोरीने आखून दिलेल्या अंतरावर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत वही घेऊन बसे. तो माझा व्यायामाचा तास होता.

साऱ्या जगात कमांडरांना 'तू' म्हणणारी सानिका एकटी. तिला तसे बोलण्याची मुभा होती. का, हे कोणी विचारले नव्हते.

पहिले व्याख्यान वरिष्ठांशी बोलण्यावर झाले. "मिडशिपमनला तीनच उत्तरं असतात," कमांडर म्हणाले. "होय सर. नाही सर. माझी चूक, सर. पहिली दोन वापरायची वेळ सहसा येत नाही."

"आबा, आमची कॅप्टन बाई आहे."

"माझी चूक," कमांडर म्हणाले.

दुसरे व्याख्यान ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढण्यावर होते. सानिका म्हणाली, "आबा, जीपीएस असतं."

"ते बंद पडलं तर?"

"दुसरं असतं."

"तेही बंद पडलं तर?"

"मग आबा, वुई हॅव बिगर प्रॉब्लेम्स."

"बरोबर. त्या वेळी तारे लागतात." असे म्हणून त्यांनी पुढचा पाऊण तास भर दिवसा, गॅरेजच्या छताकडे बोट दाखवून, तारे शिकवले.

याच व्याख्यानात पोलिसांची गाडी गल्लीत शिरली. खुर्चीत बसणे हा व्यायाम ठरत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. कमांडरांनी आवाज चढवला, "इरिगेशन, कदमताल." मी उठलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, अंगात स्वेटर आणि हातात वही असताना, मी जागच्या जागी गुडघे उचलले. गाडी हळू झाली. आतल्या तरुण पोलिसाने काच खाली करून विचारले, "ऑल गुड, जेन्टलमेन?"

"एक्सरसाइज," कमांडर म्हणाले. ते खोटे नव्हते.

पोलीस मला म्हणाला, "गुड ऑन यू, मेट," आणि गेला. तरीही कमांडरांनी आणखी पाच मिनिटे मला थांबू दिले नाही. सानिका पडद्यावरून नाहीशी झाली होती. ती खाली वाकून हसत होती, असे नंतर कळले.

तिसरे व्याख्यान हलत्या जहाजावर जेवण्याचे. यासाठी मुग्धाचा व्यायामाचा फुगीर चेंडू आणला गेला. कमांडर त्यावर बसले, डावीउजवीकडे झुलू लागले आणि हातात वाटी घेऊन आमटी प्यायचे प्रात्यक्षिक करू लागले. तत्त्व सोपे होते: शरीर जहाजाबरोबर जाते, वाटी जागेवर राहते. प्रत्यक्षात वाटी शरीराबरोबर गेली. आमटी शर्टावर आली. आतून मुग्धा बाहेर आली आणि शर्टाकडे पाहत म्हणाली, "बाबा, हा कोण धुणार?"

"जहाजाची लाँड्री."

"म्हणजे मीच."

"होय सर," कमांडर म्हणाले.

चौथे व्याख्यान परक्या बंदरात उतरल्यावर कसे वागावे यावर व्हायचे होते. ते त्यांचे सर्वांत लाडके प्रकरण. टिपणेच अकरा पाने होती. पण महामारीमुळे जहाज कुठल्याच बंदरात माणसे उतरवणार नाही, असे सानिकाने कळवले. चढण्याआधी चौदा दिवस एकेकट्या खोलीत, मग सहा आठवडे पाणी, मग परत. कमांडरांनी अकरा पाने उलटी करून ठेवली. "मग सरळ पुढचं प्रकरण," ते म्हणाले. "बोट लागणे."

या विषयावर त्यांचा अधिकार मोठा होता. सबंध नौदलातल्या नोकरीत आपल्याला एकदाही बोट लागली नाही, हे ते गल्लीतल्या प्रत्येकाला सांगून चुकले होते. टपाल आणणाऱ्या बाईलाही ते ठाऊक होते.

त्या शनिवारी सानिका पडद्यावर आली ती डोक्यावर स्वेटरची टोपी ओढून. कमांडर बोलू लागले. दृष्टी क्षितिजावर ठेवावी, पोट रिकामे ठेवू नये, आले चघळावे. ती ऐकत नव्हती. मलाही ते दिसत होते.

"आबा, थांब ना जरा," ती म्हणाली. "मी विथड्रॉ करतेय."

कमांडर थांबले.

"फ्रायडेपर्यंत फॉर्म द्यायचाय. नाव काढून घ्यायचा. भरलाय मी जवळजवळ." मग तिने सांगितले. त्या आठवड्यात त्यांना एका लहान सराव-बोटीवर दिवसभर नेले होते. ती नऊ तास ओकत होती. एकदा प्रशिक्षकाच्या बुटांवर. शेवटी ती कठड्याला धरून रडली आणि ते सगळ्यांनी पाहिले. "बाकी सगळे ओके होते, आबा. तुला तर लाइफमध्ये कधी झालं नाही. माझ्यात ते नाहीच आहे. मी बाबावर गेलेय."

कमांडर इस्त्रीच्या टेबलाची कड बोटाने पुसत राहिले. तिथे धूळ नव्हती.

"इरिगेशन," ते म्हणाले, "नोंद थांबवा."

मी पेन टोपणात घातले. उठून जावे असे वाटले, पण तशी आज्ञा नव्हती.

"अकरा दिवस," कमांडर म्हणाले.

"काय अकरा दिवस?"

"माझी पहिली सफर. कोचीन सोडलं, बंदराचं तोंडही ओलांडलं नव्हतं, तेव्हा सुरू झालं. अकरा दिवस. पोटात पाणी राहत नव्हतं. मला बादलीसकट एका कोपऱ्यात बांधून ठेवलं होतं, कारण मी घसरत घसरत सगळीकडे जायचो. ड्यूटीवर मला नेत, तेव्हा बादलीही नेत. तिला त्यांनी माझंच नाव दिलं होतं. सगळे तिला सलाम करायचे."

पडद्यावर टोपी थोडी मागे सरकली. "शट अप, आबा. तू तर म्हणतोस..."

"मी खोटं बोलतो. पन्नास वर्षं बोलतोय. तुझ्या आजीलाही खरं सांगितलं नव्हतं."

ती हसली नाही. मी हसलो असतो, पण माझ्याकडे पाहायला कोणी नव्हते.

"मग तू काय केलंस?"

"पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर राजीनामा लिहिला. तीन ओळींचा. नीट अक्षरात."

"आणि?"

"आणि काही नाही. दिला नाही."

"का पण?"

कमांडरांनी टेबलाची कड पुसणे सोडले.

"राजीनाम्याखाली पत्ता लिहावा लागतो," ते म्हणाले. "सोडून कुठे जाणार, तो. माझी आई लहानपणीच गेली होती. मी मामांकडे वाढलो. नौदलात निघालो त्याच आठवड्यात माझी खाट त्यांनी भाडेकरूला दिली होती. मामा वाईट नव्हते. घर लहान होतं. पण पत्त्याच्या ओळीशी येऊन मी बसलो तो बसलोच. जेवणाची घंटा झाली. मग उठलो."

सानिकाने टोपी डोक्यावरून काढली.

"लोक म्हणतात, मायदेव खंबीर होता म्हणून टिकला. तसं काही नव्हतं. परत जायला जागा असती तर मी पहिल्या बोटीने गेलो असतो." त्यांनी घसा साफ केला. "तुझ्या फॉर्मवर तो रकाना आहे?"

"आहे."

"भरलास?"

"नाही अजून."

"मग आधी तो भर. इथला पत्ता लिही. पिनकोडसकट. तो लिहून झाला की मग बस आणि ठरव, द्यायचा की नाही. दिलास तर मी स्टेशनावर घ्यायला येईन. नाही दिलास तर सफर सहा आठवड्यांची आहे, तीही संपते. दोन्हींत लाज नाही. हे तुला नौदलात कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतोय."

"आबा," ती म्हणाली. मग तिने विचारले, "बादली कुठल्या रंगाची होती?"

"करडी. नौदलात सगळं करडंच असतं."

तेव्हा ती हसली. नाक पुसत, पण हसली. कमांडरांनी लॅपटॉप बंद केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आजचं व्याख्यान संपलं." मी वहीत विषय लिहिला, वेळ लिहिली आणि खालची जागा कोरी सोडली.

तो आठवडा लांबला. कमांडर रोज किनाऱ्यावर उतरले, रोज दूध आणले. बुधवारी दूध दोनदा आले. शुक्रवारी संध्याकाळी मुग्धा रस्ता ओलांडून आमच्या दाराशी आली. "काका, ती जातेय," ती म्हणाली. "फॉर्म पूर्ण भरला आणि दिला नाही. बाबांनी तुम्हाला कळवायला सांगितलं. ते स्वतः आलेच असते, पण ते गॅरेज झाडतायत."

"संध्याकाळी सहा वाजता?"

"दुपारपासून."

चौदा दिवस खोलीत काढून सानिका जहाजावर चढली. राज्याची सीमा बंद होती आणि धक्क्यावर कुटुंबीयांना प्रवेश नव्हता. निरोप फोनवर झाला. तिसऱ्या दिवशी तिचा एका ओळीचा संदेश आला: सुरू झालंय, बादली मिळाली. कमांडरांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. टपालवाल्या बाईलाही वाचून दाखवला, आणि त्यासाठी तिला पन्नास वर्षांची खरी हकीगत सांगावी लागली. ती म्हणाली, "नो वरीज."

त्यानंतरच्या रविवारी, निर्बंध सैल झाल्यावर, मी त्यांच्याकडे गेलो, तर गॅरेजचे दार उघडे होते. आत झाडून घेतलेली जागा, भिंतीशी पुस्तकांचे खोके, एक टेबलदिवा. निखिल आणि मुग्धा घरात चढ्या आवाजात बोलत होते. महिनोन्महिने जेवणाच्या टेबलावर बसून काम करून निखिलची पाठ धरली होती. सानिकाची खोली आता सहा आठवडे तरी रिकामीच आहे, तिची खाट उभी करून तिथे डेस्क लावू का, असे त्याने सकाळी वडिलांना विचारले होते.

कमांडर मागच्या दाराने लोखंडी खाट ओढत बाहेर आले. ती सानिकाची नव्हती. त्यांची स्वतःची होती.

"निखिलला माझी खोली दिली," ते म्हणाले. "उजेड चांगला आहे तिथे."

"आणि तुम्ही?"

"इथे. जहाजावर यापेक्षा कमी जागा असते."

"सानिकाची खोली तर मोकळी आहे."

"मोकळी नाही," कमांडर म्हणाले. "ती सफरीवर आहे."

खाट जड होती आणि एकट्याने उंबरा ओलांडणारी नव्हती. मी पलीकडे जाऊन तिचे दुसरे टोक उचलले. खाट सहा फूट लांब होती, त्यामुळे आमच्यातले अंतर नियमाप्रमाणे भरले.