मोघ्यांची नावडती टीम

रमाकांत मोघे सकाळचा पेपर जखमींपासून वाचायला घेत. पहिलं पान नाही, हवामान नाही, एकदम मागचं स्पोर्ट्सचं पान, आणि त्यातही बेसबॉलच्या कुठल्या खेळाडूला काय दुखापत झाली याच्या बारीक टायपातल्या बातम्या. त्याही सगळ्या नव्हेत. न्यूयॉर्कच्या दोन टीमपैकी एका टीमचं कुणी पडलंय, धडपडलंय का एवढंच ते बघत. सापडलं तर त्यांचा चेहरा खुलायचा आणि मग ऑफिस येईपर्यंत मला गाडीत दुसरं काही ऐकायला मिळायचं नाही.

आम्ही दोघं एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये होतो आणि न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवे गावात जवळजवळच राहायचो, त्यामुळे एक आठवडा माझी गाडी, एक आठवडा त्यांची. मोघे मूळचे अकोल्याचे. उंच, काटकुळे, जाड भिंगांचा चष्मा, आणि ऐंशीचं दशक अर्धं सरलं तरी भारतातून आणलेला तोच तपकिरी स्वेटर. लॅबमध्ये ते इतके कमी बोलत की आमच्या साहेबाला बरेच दिवस त्यांना इंग्रजी येत नाही असं वाटायचं. पण गाडीत बसले आणि त्या टीमचा विषय निघाला की थांबत नसत.

"काय दातार, वाचलंत का," अशी सुरुवात व्हायची. मी वाचलेलं नसायचं. मग ते सांगायचे. त्यांच्या एका बॅटरचं मनगट लोणच्याची बरणी उघडताना लचकलं होतं. दुसरा झोपेत पलंगावरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. मोघ्यांच्या मते तो स्वप्नातसुद्धा झेल सोडत होता. चेंडू टाकणाऱ्या एकाच्या नेमक्या उजव्या हाताच्या बोटाला त्याचा पाळलेला पोपट चावला. त्या पोपटाबद्दल मोघ्यांना फार आदर होता. पुढे कितीतरी दिवस ते त्याची चौकशी केल्यासारखे त्याचा विषय काढत.

गंमत अशी की एवढं सगळं होऊन ती टीम जिंकायची. कुणीतरी भलताच चेंडू मारायचा, तो मैदानातल्या एखाद्या खड्यावर आपटून अडवणाऱ्याच्या डोक्यावरून उडायचा आणि ह्यांचे दोघे पळत 'होम'ला, म्हणजे दोन धावा. अशा दिवशी मोघे खिडकीबाहेर बघत बसायचे. बऱ्याच वेळानं म्हणायचे, "खेळ कुठला हो, नुसतं कपाळ. त्या खड्यालासुद्धा पगार देत असतील."

मला सुरुवातीला वाटलं, हा माणूस बेसबॉलचा मोठा दर्दी असणार आणि न्यूयॉर्कच्या दुसऱ्या टीमचा कट्टर भक्त. तसं ते सांगायचेही. पण एकदा मी त्यांच्या त्या लाडक्या टीममधल्या चारपाच खेळाडूंची नावं विचारली, तर दोघांवर गाडी अडली. शिवाय त्या काळी या दोन टीम दोन वेगळ्या गटांत खेळायच्या. एरवी एकमेकींच्या वाट्याला त्या जातच नसत. म्हणजे मोघ्यांचं ज्या टीमशी वैर होतं तिच्याशी त्यांच्या टीमचं काही भांडणच नव्हतं. हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "शेजाऱ्याशी आपण कुठं खेळायला जातो? तरी डोळ्यांत खुपतोच ना?"

शेजारी हा शब्द त्यांच्या तोंडून उगीच आला नव्हता, हे मला बायकोबरोबर त्यांच्या घरी जेवायला गेल्यावर कळलं.

मोघ्यांच्या शेजारी टोनी नावाचा एक म्हातारा राहायचा. बसचा ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, बायको गेलेली, मुलं दूर. घरापुढच्या पोर्चवर खुर्ची टाकून तो संध्याकाळभर रेडिओवर त्याच टीमची मॅच ऐकत बसे. आणि त्याच्या शेजारच्या पायरीवर, त्याच टीमची निळी टोपी घालून बसलेली असे मोघ्यांची मुलगी मृणाल. ती तेव्हा सातवीत होती. मोघ्यांना आणि शैलावहिनींना एकच मूल. चेंडू कसा पकडायचा, कसा फेकायचा, कुठल्या खेळाडूनं काय करायला हवं होतं, हे सगळं तिला टोनीनं शिकवलं होतं.

त्या दिवशी जेवायला बोलावलं तेव्हा वहिनींना तिला दोनदा हाक मारावी लागली. मोघे पडद्याच्या फटीतून शेजारच्या पोर्चकडे बघत उभे होते. मला म्हणाले, "त्याचे टोमॅटो बघा. आपल्यासारखंच ऊन, आपलीच माती. आमचे लिंबाएवढे होतात आणि त्याचे हे एवढे. खत बीत काही घालत नाही, मी विचारलंय."

जेवताना मात्र वेगळेच मोघे दिसले. मृणाल वरणभात कालवत होती. मोघ्यांनी पोपटाची गोष्ट काढली. ती म्हणाली, "बाबा, दॅट्स नॉट फेअर. ही वॉज फीडिंग इट." मोघे म्हणाले, पोपटाला कळलं म्हणून चावला. तिनं त्यांच्या टीमचा एक खेळाडू काढला, जो आपल्याच गाडीच्या दारात बोटं चेमटवून बसला होता. मोघ्यांना हे माहीतच नव्हतं. ते गडबडले, मग म्हणाले की दार जपानी असेल. ती मराठीत टोमणा मारायला जायची, शब्द सापडला नाही की इंग्रजीत शिरायची. हे इंग्रजीत सुरू करायचे आणि राग आला की अकोल्याला पोचायचे. चांगला तासभर हे चाललं. वहिनी माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "रोजचं आहे. शाळेबद्दल विचारलं तर एक शब्द बोलत नाही ती. आणि हे तर कुणाशीच बोलत नाहीत."

आपलं जेवण आटोपून मृणाल ताट ठेवून परत शेजारी पळाली. मोघ्यांच्या हातात पोळीचा तुकडा तसाच राहिला.

त्या वर्षी मोघ्यांचे फारच हाल झाले. त्यांची टीम सप्टेंबरातच घरी बसली आणि ती दुसरी, लचकलेली, पडलेली, पोपटानं चावलेली, जिंकतच गेली. ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी, शेवटच्या मालिकेत ती जाणार की नाही हे ठरवणारी मॅच होती. मोघ्यांनी मला टीव्हीवर बघायला बोलावलं. पराभव बघायला कुणीतरी सोबत हवं, असं त्यांनी सांगितलं. वहिनी कुणाच्या तरी डोहाळजेवणाला गेल्या होत्या. मृणाल त्या दिवशी घरीच होती, बापाच्या समोर बसून बघणार म्हणून हट्टानं थांबलेली.

मॅच रंगली. मोघे शेंगदाणे खाणं विसरले होते. शेवटाकडे एक सोपा चेंडू उंच उडाला. त्या टीमचे दोन खेळाडू तो पकडायला धावले, एकमेकांकडे बघून लखनौच्या नवाबांसारखे थांबले, आणि चेंडू दोघांच्या मधोमध गवतावर पडला.

मोघे उठले नाहीत, उडाले. दोन्ही हात वर, चष्मा कपाळावर, आणि खाली येताना एक पाय गालिच्यावर आणि दुसरा गालिच्याच्या दुमडलेल्या कडेवर. काडकन आवाज झाला. तो मलासुद्धा ऐकू आला.

ते जमिनीवर बसून राहिले. घोटा बघता बघता सुजला. मला हसू आवरत नव्हतं, आणि त्यांचा पांढराफटक चेहरा बघून लाजही वाटत होती. मृणाल अजिबात हसली नाही. ती उठली, टीव्ही बंद केला आणि अनवाणीच शेजारी धावत गेली.

माझी गाडी दोन दारांची, त्यात हा उंच माणूस पाय लांब करून मावला नसता. टोनीची जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन होती. त्यानं ती दारापर्यंत मागं आणली, मागची सीट आडवी केली, मोघ्यांना एका बाजूनं धरलं. त्याच्या पोर्चवर रेडिओ तसाच बोलत होता. ज्या मॅचची त्यानं वर्षभर वाट पाहिली ती तिथंच टाकून तो निघाला, आणि गाडीतला रेडिओही त्यानं लावला नाही. मोघे मागं आडवे पडून छताकडे बघत होते. मृणालनं त्यांचा पाय मांडीवर घेतला होता.

इमर्जन्सीत नर्सनं विचारलं, कसं झालं. मोघ्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले की जिन्यावरून पडलो. त्यांचं घर बैठं होतं. तिथल्या पाच जणांपैकी चौघांना हे माहीत होतं. नर्सनं मान वर करून मृणालला विचारलं, तू पाहिलंस का.

"येस," मृणाल म्हणाली. "द स्टेअर्स आर रिअली स्लिपरी."

मोघ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर भलतीकडेच लावली होती.

एक्स-रेसाठी थांबलो होतो तेव्हा मृणाल आईला फोन करायला गेली. मोघे व्हीलचेअरमध्ये, मी आणि टोनी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.  मग मोघे घसा खाकरून टोनीला म्हणाले की तुझी मॅच बुडाली, सॉरी. टोनीनं हात झटकला. मॅच काय, उद्याच्या पेपरात येईल, म्हणाला. आणि मोघ्यांनी विचारलं, ते कसं विचारलं ते मला अजून आठवतं, अगदी खालच्या आवाजात, लॅबमध्ये साहेबाशी बोलायचे तसं: माझी मुलगी रोज तुझ्याशी एवढं काय बोलते?

टोनी बुचकळ्यात पडला. त्याला वाटलं होतं, बापाला माहीत असेल.

"तुझ्याबद्दल," तो म्हणाला. "डॅड हे म्हणाले, आता मी काय म्हणू. डॅडनी पोपट काढला, आता मी काय काढू. तिला माझी टीम आवडते की नाही मला ठाऊक नाही. तिला तुझ्याशी भांडायला मसाला हवा असतो." आणि जरा हसून म्हणाला, "माझी मुलं या वयात माझ्याशी भांडतसुद्धा नव्हती. लकी आहेस तू."

 मोघ्यांनी चष्मा काढून स्वेटरच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. मृणाल परत आली तेव्हा त्यांनी तिला शेजारची खुर्ची दाखवली आणि ती बसल्यावर म्हणाले, पाय गार पडलेत तुझे, चपला का नाही घातल्यास.

घोटा मोडला होता. प्लास्टर गुडघ्यापर्यंत आलं. ती टीम त्या दिवशी जिंकली, हे परत येताना एका पेट्रोल पंपावर कळलं. टोनी खूश झाला, पण मोघ्यांच्या देखत त्यानं फार दाखवलं नाही.

पुढचे सगळे आठवडे अर्थातच माझीच गाडी. मोघे कुबड्या मागं टाकून पुढं बसायचे. एका सकाळी पेपर न उघडता मांडीवर ठेवून म्हणाले, "दातार, मला वाटायचं तो माणूस ती मुलगी माझ्याकडून घेऊन चाललाय. रोज थोडी थोडी. मला काय येतं हो? शाळेत खेळाच्या तासाला मला चपला सांभाळायला बसवायचे. तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? तिला रंगांची केमिस्ट्री नको होती." मी काहीतरी समजुतीचं बोललो. त्यांनी ऐकलं नसावं. ते म्हणाले, "तिची सगळी संध्याकाळ त्याच्याकडे असायची. मी पडद्यातून बघायचो. काय वाटायचं ते कुणाला सांगणार?"

एप्रिलात एका रविवारी त्यांच्याकडचा प्रेशर कुकर परत करायला गेलो. दार कुणी उघडलं नाही म्हणून मागच्या अंगणात गेलो. मोघे थोडे लंगडत उभे होते, हातात चामड्याचा मोठा ग्लोव्ह, त्यांनी भलत्याच हातात चढवलेला. समोर मृणाल चेंडू टाकत होती. एक त्यांच्या खांद्याला लागला, एक मागं कुंपणापर्यंत गेला, आणि तो आणायला ते स्वतःच गेले. शेजारच्या अंगणात टोनी टोमॅटोची रोपं लावत होता आणि मुद्दाम इकडे बघत नव्हता.

मी घरी जाताना, खोटं कशाला सांगू, मला मोघ्यांचा हेवा वाटला. माझा मुलगा तेव्हा कानाला हेडफोन लावून खोलीत असायचा. त्याची कुठली टीम हे मला आजही माहीत नाही.

निघण्याआधी मी कुंपणाशी थोडा वेळ थांबलो होतो. आणखी दोन झेल सुटल्यावर मृणाल न बोलता पुढं आली, बापापासून जेमतेम हातभर अंतरावर उभी राहिली, त्यांच्या हातातला ग्लोव्ह काढून बरोबर हातात घातला आणि लहान मुलाला द्यावा तसा चेंडू हलकेच आत ठेवला. मोघ्यांनी मूठ मिटली. मग ती मागं सरकायला लागली, तसे ते म्हणाले, "अजून थोडा वेळ इथूनच टाक."