पोळी उलटायचं साधन, अक्षरं तीन

हेमचंद्र टिपणीस आडव्या सातला अडले होते. अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ते शब्दकोडं रचत होते. संपादक गुरुदत्तनं बजावलं होतं, की यंदा नद्या आणि संत नकोत, एकच विषय धरून कोडं करा. आणि तो विषय कुणाला सांगू नका, कारण गेल्या वर्षीचं कोडं अंक निघायच्या आधीच फुटलं होतं.

हेमचंद्रांनी विषय घेतला स्वयंपाकघर. पत्नी पद्मिनी गेल्यापासून घरात तेवढ्याच खोलीत दिवा लागत असे. ते तिथंच जेवत, तिथंच पेपर वाचत आणि रेडिओही तिथंच आणून ठेवला होता. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

अडचण अशी, की आडवा सात तीन अक्षरी होता. 'पोळी उलटायचं साधन'. त्यांची आई त्याला उलथणं म्हणायची, पण त्यात अक्षरं चार. ड्रॉवरमधून ती वस्तू काढून त्यांनी दिव्याखाली धरली, फिरवून पाहिली. तीन अक्षरं काही सुचेनात. शेवटी त्यांनी दोन घरं पलीकडे राहणाऱ्या सुलेखाला फोन लावला.

"सुलेखा, आपण पोळी उलटतो ना, त्या वस्तूला काय म्हणतात?"

सुलेखानं त्यांना प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग सुलेखा सावकाश म्हणाली, "कालथा, काका. का बरं?"

"काही नाही. हातात धरलंय, पण नाव आठवत नव्हतं," हेमचंद्र म्हणाले. गुपित फुटू नये म्हणून ते एवढंच बोलले.

कालथा चपखल बसला. त्याच्या 'था'वरून उभा शब्द निघाला, थाळी. त्याची ओळख त्यांनी बराच वेळ विचार करून लिहिली: 'एकट्यानं मजा नाही.' दुसऱ्या दिवशी गरम पातेलं उचलायच्या चिमट्याचं नाव विचारायला त्यांनी पुन्हा फोन केला. सुलेखानं 'सांडशी' सांगितलं आणि फोन ठेवून ती थेट नवऱ्याकडे गेली. तिचा नवरा रवी डॉक्टर होता.

त्या संध्याकाळी रवी सहज म्हणून टिपणिसांकडे आला. हेमचंद्रांना फार बरं वाटलं. त्यांनी चहा टाकला. रवीनं हवापाण्याच्या गप्पा केल्या आणि मध्येच विचारलं, की काका, सध्या प्रेसिडेंट कोण आहेत?

"कुणाचे? आपल्या मंडळाचे, इथले की तिकडचे?" हेमचंद्रांनी विचारलं.

रवीनं चहा न संपवताच कप खाली ठेवला.

मग मात्र चक्रं भराभर फिरली. एक दिवस सुलेखा भाजीचा डबा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मंडळातलं एक जोडपं येऊन बसलं आणि दोघंही त्यांच्याशी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलली. कुणी फ्रीजवर फोन नंबर चिकटवून गेलं. इतकी माणसं घरात का येताहेत हे हेमचंद्रांना कळेना, पण विचारायची भीती वाटली. विचारलं आणि यायची थांबली तर? ते बशा काढत राहिले.

शनिवारी टेक्सासहून, अर्विंगहून, त्यांचा मुलगा राजीव विमानानं आला. कामानं आलोय म्हणाला, पण बॅगेत कामाचा एकही कागद नव्हता. रवीनं त्याला सगळं फोनवर सांगितलं होतं. आल्या आल्या त्यानं गाडीच्या किल्ल्या उचलून आपल्या बॅगेत टाकल्या. राजीवला आवडतं म्हणून दही आणायला निघालेले हेमचंद्र त्या किल्ल्या घरभर शोधत हिंडले, अगदी पिठाच्या डब्यातसुद्धा. राजीव दारात उभा राहून ते पाहत होता. त्याचे डोळे भरून आले.

टेबलावर कोड्याचा कागद पडला होता. राजीवला मराठी बोललेलं समजायचं, वाचता येत नसे. त्याला दिसले ते फक्त चौकोन, काही काळे केलेले, काहींत एकेक अक्षर, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं. त्यानं वडिलांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"डॅड, व्हॉट इज धिस? रवी अंकल म्हणाले, यू कांट रिमेंबर वस्तूंची नावं."

हेमचंद्रांना सगळा उलगडा झाला. डबे, नंबर, प्रेसिडेंट, किल्ल्या. ते हसणार होते, पण मुलाचा चेहरा पाहून हसले नाहीत. गुपित वगैरे बाजूला ठेवून त्यांनी कोडं म्हणजे काय ते समजावलं आणि खात्रीसाठी गुरुदत्तला फोन लावून राजीवच्या कानाला दिला. फोन खाली ठेवून राजीव उठला आणि किल्ल्या आणून टेबलावर ठेवल्या.

"शो मी," तो म्हणाला. "काय अडलं होतं?"

"हे बघ, आडवा सात. पोळी उलटायचं साधन, अक्षरं तीन."

"सराटा," राजीव लगेच म्हणाला.

"काय?"

"मॉम म्हणायची. सराटा दे. आय थॉट सगळेच म्हणतात."

पद्मिनी नागपूरची. तीस वर्षं ती या ओट्याशी उभी राहून सराटा मागत होती आणि हेमचंद्र पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसत होते. त्यांनी रबर घेतलं, कालथा खोडला आणि सराटा लिहिला. तोही चपखल बसला. पण उभ्या शब्दाच्या 'था'चा आता 'टा' झाला होता.

"थाळीची टाळी झाली की," ते म्हणाले. "ओळख चालेल. एकट्यानं टाळी वाजत नाहीच. पण स्वयंपाकघरात टाळीचं काय काम?"

"पोळी फुगली की मॉम मला क्लॅप करायला लावायची," राजीव म्हणाला. "यू डिडंट नो?"

हेमचंद्रांनी नकारार्थी मान हलवली. मग टाळी तशीच ठेवली.

रविवारी रवी आणि सुलेखा माफी मागायला आले. रवी फारच ओशाळला होता. आपण उगाच घाबरवलं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

"काका, तुमची मेमरी एकदम फर्स्ट क्लास आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणून सांगतो. तुम्ही काहीही विसरलेला नाहीत."

हेमचंद्र ओट्याशी पाठमोरे उभे होते. राजीवच्या विमानाला अजून वेळ होता आणि तव्यावर पोळी होती.

"तसं नाही हो, रवी," ते म्हणाले. "तुमचं निदान बरोबरच होतं." आणि त्यांनी राजीवकडे हात पुढे केला. "सराटा दे."