शेवटच्या रांगेतल्या सासूबाई

"तू नुसती मांडीवर धरून बस. आईंना सांताक्रूझला सुखरूप पोचवायची जबाबदारी माझी," असं नेमेसियो चोकेवांकाने बायकोला विमानतळावरच छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि का सांगू नये? डोंगरावरच्या अख्ख्या एल आल्टो शहरात मोर्चासाठी रस्ता अडवावा तर नेमेसियोनेच. त्याने हात आडवा केला की ट्रक सोडा, मंत्र्याची गाडीसुद्धा जागच्या जागी उभी राहायची.

आई म्हणजे सासूबाई. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मांडीवर होती ती सणासाठी त्यांच्या नावाने भाजलेली पावाची बाहुली, दीड हात लांब, अंगाने गोड पावाची आणि तोंडाने प्लास्टरची. आज मृतांचा सण. दुपारी बाराला सासूबाईंचा आत्मा सांताक्रूझला नातीच्या घरी यायचा होता आणि पहिल्याच वर्षी वेदीवर बाहुली नसली तर म्हातारीने यायचं तरी कशाला? त्याची बायको सातुर्निना म्हणूनच बाहुली वरच्या खणात ठेवायला तयार नव्हती.

"आईला सामानात कोंबू?" तिने हवाई सुंदरीला विचारलं. तिने वरचा खण लावून टाकला.

जागा मिळाली शेवटच्या रांगेत. मागे संडास, त्यामुळे तिथली खुर्ची काही केल्या मागे जात नाही. विमान वर गेलं, पट्ट्यांचा दिवा विझला आणि पुढची खुर्ची धाडकन सातुर्निनाच्या अंगावर आली. सासूबाईंच्या मानेपाशी करकन आवाज झाला.

"अहो पाहुणे, म्हातारी चिरडतेय!" नेमेसियो ओरडला.

खुर्चीवरून सांताक्रूझचा एक लंबूटांग तरुण वळला. "मामा, तुम्हा डोंगरवाल्यांची तक्रार कधी संपायची? माझ्या पुढच्याने माझ्या गुडघ्यांवर खुर्ची टाकलीय. त्याला उठवा, मी लगेच सरळ करतो."

बोलणं रास्त होतं. नेमेसियो पुढच्याकडे गेला. तो म्हणाला, माझ्या पुढच्याला सांगा. त्याने त्याच्या पुढच्याकडे बोट दाखवलं. एकाने मागे टाकली म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने टाकली म्हणून तिसऱ्याने, असं करत सगळं विमान आडवं झालं होतं. नेमेसियो थक्क झाला. उभा जन्म चळवळीत गेला, पण एवढी एकजूट त्याने कुठल्याच सभेत पाहिली नव्हती.

"बंधूंनो," त्याने तिथेच सभा घेतली, "तीन म्हटलं की सगळ्यांनी खुर्च्या सरळ करायच्या. मंजूर?"

हात भराभर वर झाले. पण खुर्ची एकाचीही हलली नाही. आधी पुढच्याची होऊ दे, हेच प्रत्येकाचं म्हणणं.

सगळ्यात पुढे, पहिल्या रांगेत, मठातली चिमणीएवढी एक म्हातारी सिस्टर खुर्ची पार मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपली होती. तिच्या एका डुलकीने हे सगळं रामायण घडलं होतं.

बुलडोझरसमोर छाती काढून उभा राहिलेला नेमेसियो, पण झोपलेल्या सिस्टरला हलवायला त्याचा हात धजेना. मग त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. वाटेत आडवा उभा राहिला. कॉफीची ढकलगाडी अडली.

"काका, जागेवर जाऊन बसा," हवाई सुंदरी म्हणाली.

"मागणी मान्य झाल्याशिवाय नाही."

तेवढ्यात खिडकीत इयिमानी आला. लहानपणापासून रोज लांबून पाहिलेला डोंगर, पण आज तो हाताशी येऊन उभा होता, बर्फासकट. भांडण जिथल्या तिथे थांबलं. नेमेसियोने टोपी काढली आणि त्याचे डोळे उगाचच भरून आले. विमानात इतकं शांत झालं की त्या शांततेनेच सिस्टरला जाग आली.

"उतरलो का रे बाबा?"

नेमेसियोने कानाशी वाकून सगळं सांगितलं. सिस्टरने कळ दाबली. मग तिच्या मागे टक, टक, टक करत वाऱ्याने आडवं झालेलं सातूचं पीक उभं राहावं तशा सगळ्या खुर्च्या उभ्या राहिल्या.

नेमेसियो मिशीला पीळ देत परतला. बाहुलीच्या मानेला एक चीर गेली होती, बाकी सासूबाई धडधाकट. पण सिस्टर मागोमाग आली होती.

"कुणाची आई?"

"माझी, सिस्टर," सातुर्निना म्हणाली.

सिस्टरने डोळे मिटून प्रार्थना म्हटली. आता सणाची रीतच अशी, मेलेल्या माणसासाठी कुणी प्रार्थना केली तर प्रार्थना करणाऱ्याला पाव दिल्याशिवाय पाठवायचं नसतं. सातुर्निनाने बाहुलीचं पाऊल मोडून तिच्या हातावर ठेवलं.

लंबूटांग उठला. "मावशी, चुकलंच माझं," म्हणाला, टोपी काढून प्रार्थना केली आणि दुसरं पाऊल घेऊन बसला. मग त्याच्या पुढचा आला, मग त्याच्या पुढचा. बघता बघता वाटेत ही मोठी रांग लागली. "बसून घ्या, बसून घ्या," म्हणत आलेली हवाई सुंदरीही शेवटी हात जोडून उभी राहिली. कप्तानाने वरच्या भोंग्यातून प्रार्थना म्हटली आणि आपला तुकडा राखून ठेवायला सांगितलं.

"अगं, नाही म्हण आता!" नेमेसियो कासावीस झाला.

"प्रार्थना करणाऱ्याला नाही म्हणू?" सातुर्निनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "अहो, आईच्या मातीलासुद्धा एवढी माणसं नव्हती."

चाकं सांताक्रूझला टेकली तेव्हा तिच्या शालीत प्लास्टरचा चेहरा आणि मूठभर चुरा उरला होता.

"वेदीवर चेहरा ठेवू," ती म्हणाली. "आईचं पोट केव्हाच भरलंय."

नेमेसियोच्या पोटात मात्र सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. त्याने चुऱ्याकडे हात नेला. सातुर्निनाने फटकन हातावर मारलं.

"आधी प्रार्थना."

सगळं विमान माना वळवून बघत होतं. ज्या सासूपुढे तो हयातीत कधी वाकला नव्हता, तिच्यापुढे नेमेसियो चोकेवांका हात जोडून उभा राहिला. शब्द आठवेनात, तेव्हा लंबूटांगाने पुढच्या खुर्चीवरून सांगितले.

पाव चांगला झाला होता.