शुद्ध भेकराचा डबा

एका जंगलात, मुलांनो, शिकारीमागे धावणं मागासलेपणाचं समजलं जाऊ लागलं होतं.

याचं श्रेय दौलतशेट कोल्ह्याला. नदीकाठच्या पडक्या बंगल्यात त्याने डबाबंद मांसाचा कारखाना काढला होता. डब्यावर उड्या मारणाऱ्या भेकराचं चित्र असे आणि खाली ‘शुद्ध भेकर, पौष्टिक भेकर’ असं छापलेलं. बदल्यात दौलतशेट फार काही मागत नसे. ज्याला डबे हवेत त्याने आपली हद्द त्याला द्यायची आणि तिथे पुन्हा शिकार करायची नाही, एवढंच. जो करील त्याने जंगल सोडायचं.

यमुनाक्का लांडगिणीनेही हद्द दिली. नवरा गेल्यापासून एकटीने धावून तिची कंबर धरली होती. तानू नावाचं तिचं एकुलतं एक पिल्लू. त्याला ती सकाळ-संध्याकाळ डबा देऊ लागली. तानू आवडीने खायचा. रिकामा डबाही चाटायचा. पण पावसाळा सरला तरी त्याची उंची वाढेना. पाय काडीसारखे राहिले. लांडग्याचं पोर असून त्याच्या तोंडून साधी आरोळी निघेना, तेव्हा मात्र यमुनाक्का घाबरली.

ती त्याला अस्वलवैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यांनी पिल्लू बघितलं नाही, डबा बघितला.

“उत्तम आहे,” ते म्हणाले. “लोह भरपूर.”

“मांसात?”

“डब्यात.”

मग ती कारखान्यावर गेली. दौलतशेटने तिला स्वतः हिंडून सगळं दाखवलं. त्याला लपवाछपवीची सवय नव्हती, कारण कोणी कधी विचारलंच नव्हतं. मोठ्या कढईत खूर, कान, चोची, फुप्फुसं आणि कातडीचे तुकडे शिजत होते. हाडांना चिकटलेलं खरवडून त्यात पडत होतं. वरून पाणी, कंदांचं पीठ, मूठमूठ मीठ. शेवटी लाल रंग.

“यात भेकर कुठंय?” यमुनाक्काने विचारलं.

“डब्यावर.”

“आणि त्याच्या मांड्या? काळीज?”

“ते सिंहमहाराजांकडे जातं. त्यांना डबे पचत नाहीत.”

“माझं पोर वाळत चाललंय, शेट.”

“आक्का, हे मांस वर्षानुवर्षं बिघडत नाही,” दौलतशेट समजुतीने म्हणाला. “मग ते खाणारा कसा बिघडेल?”

यमुनाक्का घरी परतली. पहाट होताच ती टेकडीवर गेली. टेकडी तिचीच होती, पण आता तिथे पाऊल टाकणं चोरी होती. कंबर ठणकत होती. पहिलं भेकर निसटलं, दुसरंही. तिसरं म्हातारं होतं, तिच्यासारखंच. ते सापडलं.

तानूने एक घास तोंडात घेतला आणि रडायला लागला. चावावं लागतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला डबा हवा होता. यमुनाक्काने तेच मांस स्वतः चावून मऊ केलं आणि त्याला भरवलं. रोज चोरून शिकार, रोज भरवणं. थंडी पडली तोवर त्याची छाती भरली, पाय लांबले. एका संध्याकाळी त्याने मान वर करून अशी आरोळी दिली, की सगळ्या खोऱ्याने ऐकली. दौलतशेटनेही.

सकाळी तो दारात उभा. बरोबर चित्रं काढणारं एक वानर. यमुनाक्काने तानूला पाठीशी घेतलं.

“शिकार मी केली,” ती म्हणाली. “शिक्षा मला द्या. पोराला राहू द्या.”

“शिक्षा कसली?” दौलतशेट तानूची छाती निरखत होता. “त्याला जरा उजेडात उभं करा.”

पुढच्या खेपेच्या डब्यांवर भेकराशेजारी तानू उभा होता. छाती पुढे, मान वर. डबे हातोहात संपले.

शेजारची तरसीण मुद्दाम भेटायला आली. तिची पिल्लं मागे लटपटत होती.

“आक्का, तुमच्या तानूला बघून आम्हीही डबे दुप्पट केले.”

“अगं, तो डब्यांवर नाही वाढला,” यमुनाक्का कळवळून म्हणाली. “मी त्याला भेकर भरवलं.”

“तेच ना,” तरसीण म्हणाली. “डब्यावरही भेकरच लिहिलंय.”

तात्पर्य: मुलांना ताजं, सकस अन्न भरवावं. त्याने डब्यांचा खप वाढतो.