वरीलप्रमाणे सरांचं टाचण

बाष्पीभवन शिकवावं ते मीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल याची वाट बघत बावीस वर्षं गेली.

सातवीचा वर्ग, सकाळचा चौथा तास. मी फडकं ओलं करत नाही, ताटलीत पाणी ठेवत नाही. सरळ बादलीत हात बुडवते आणि फळ्यावर ओल्या हाताचा पंजा उमटवते. तो पंजा नाहीसा होईपर्यंत वर्गात कुणी बोलायचं नाही, एवढीच अट. बावन्न पोरं श्वास रोखून बघतात. आधी बोटांची टोकं जातात, मग तळवा, शेवटी अंगठ्याखालचा ठिपका. तो गेला की मी विचारते, "कुठे गेला?" त्यानंतर जो गलका होतो, तेच माझं अर्धं शिकवणं.

हे सगळं माझ्या टाचणवहीत मिनिटामिनिटाला लिहिलेलं आहे. टाचण म्हणजे उद्याच्या तासाला काय करायचं, काय विचारायचं, त्याची आदल्या दिवशी करून ठेवायची आखणी. मिनिट तीन, पंजा. मिनिट आठ, प्रश्न. मिनिट सतरा, खिडकी बंद करणे. मिनिट अठरा, तळहातावर स्पिरिटचा थेंब. असं शेवटपर्यंत.

गेल्या वर्षी शिक्षण खात्याने एक संकेतस्थळ काढलं. सगळ्या शिक्षकांनी आपापली उत्तम टाचणं तिथे टाकायची, म्हणजे कुणालाही ती वापरता येतील. आमच्या शाळेतून कुणीच काही टाकेना. मुख्याध्यापक तीनदा शिक्षकखोलीत येऊन सांगून गेले. शेवटी मीच म्हटलं, मी टाकते. मला वाटलं, आपल्या पंजाचं सोनं झाकून का ठेवा?

टाचण घरीच टाईप केलं. नवरा शेजारी बसला होता. हा माणूस तीस वर्षं वीज कचेरीत लोकांचे अर्ज तपासतोय. अर्ज कसा भरावा या विषयावर तो जेवतानासुद्धा बोलू शकतो. संकेतस्थळावर आधी माझं नाव, शाळा, पत्ता, सगळं विचारून झालं. ते भरलं. मग टाचण चढवलं. खाली पुन्हा एक चौकट आली, लेखकाचे नाव.

मी नाव टाईप करायला लागले, तर यांनी माझा हात धरला. एकच माहिती दोनदा लिहिणं हे अडाणी अर्जदाराचं लक्षण आहे, असं यांचं म्हणणं. वर एकदा नाव दिलंय ना? मग खाली लिहायचं, वरीलप्रमाणे. त्यांच्या कचेरीत जाणते लोक असंच करतात म्हणे.

मी लिहिलं. 'वरीलप्रमाणे'. बटण दाबलं. झालं.

दोन महिने काहीच घडलं नाही. मग आमच्या भागातल्या साठ विज्ञान शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलावलं. एक मोठं बंदिस्त सभागृह, गार हवेची यंत्रं, पुढे पडदा. शिकवायला वरून एक तज्ज्ञ बाई आल्या होत्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असतील. त्यांनी सांगितलं, की आज आपण एका असामान्य शिक्षकाच्या टाचणाचा अभ्यास करणार आहोत. चौदा हजार शिक्षकांनी ते उतरवून घेतलंय. हे गृहस्थ प्रसिद्धीपासून इतके दूर राहतात, की त्यांचा साधा फोटोही कुठे मिळत नाही.

पडद्यावर अक्षरं आली. 'बाष्पीभवन. लेखक : श्री. वरीलप्रमाणे'.

मी आधी नुसती बघत राहिले. मग पंजा आला. मग तो नाहीसा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हे आलं. शेजारी आमच्याच शाळेच्या भूगोलाच्या बाई होत्या. त्यांच्याकडे विज्ञानाचेही दोन तास आहेत. त्या कुजबुजल्या, की हे सर अगदी तुमच्यासारखंच शिकवतात की हो.

तेवढ्यात तज्ज्ञ बाई मिनिट सतरावर पोचल्या. खिडकी बंद करणे. इथे त्या थांबल्या. म्हणाल्या, सामान्य वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जाईल, पण सरांची खरी प्रतिभा इथे आहे. आतापर्यंत मूल बाहेरचं जग बघत होतं. आता सर खिडकी बंद करतात. म्हणजे मुलाला आत वळवतात. स्वतःकडे.

साठ शिक्षकांनी वहीत लिहून घेतलं. मागून एकाने विचारलं, खिडकीच्या दोन्ही झडपा लावायच्या की एक? बाईंनी विचार करून सांगितलं, की सरांनी तसा खुलासा केलेला नाही, पण दोन्ही लावलेल्या बऱ्या.

आता खरं कारण ऐका. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याचं दुकान आहे. तो माणूस रोज सव्वाअकराला पत्रा ठोकायला घेतो. घड्याळ चुकेल, पण तो चुकणार नाही. माझ्या तासाचं ते सतरावं मिनिट असतं. खिडकी लावली नाही तर मलाच माझं बोलणं ऐकू येत नाही. कसला आत्मा आणि कसलं आत वळणं!

मी उभी राहिले. म्हटलं, हे टाचण माझं आहे.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तज्ज्ञ बाईंनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. वेड्या माणसाकडे बघतात तशी ती माया होती.

"चांगलं टाचण वाचलं की प्रत्येकाला ते आपलंच वाटतं," त्या म्हणाल्या. "हेच तर सरांचं मोठेपण आहे."

आणि टाळ्या पडल्या. मला नाही, सरांना.

एवढ्यावर निभावलं असतं तरी मी गिळून टाकलं असतं. पण पुढच्या आठवड्यात तज्ज्ञ बाई तास बघायला थेट माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसल्या. मी नेहमीसारखी शिकवत गेले. पंजा उमटला, नाहीसा झाला, गलका झाला. नेमका त्या दिवशी पेटीवाला आजारी होता. ठोकाठोकी नव्हती, तर खिडकी लावू कशाला? उलट छान वारा येत होता.

तीन दिवसांनी मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं, की सदर शिक्षिकेने श्री. वरीलप्रमाणे यांच्या टाचणावरून जसाच्या तसा पाठ घेतला, परंतु त्यांचा कोठेही उल्लेख केला नाही. तसेच त्यातील सर्वांत महत्त्वाची कृती, खिडकी बंद करणे, ही त्यांना समजलेली नाही. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल.

सेवापुस्तकात! बावीस वर्षांत त्या पुस्तकाला लाल शाई लागलेली नाही. बाळंतपणातही मी एक दिवस आधी रुजू झाले होते. आणि आता काय नोंद होणार, तर बाईंनी स्वतःच्या डोक्यातून चोरी केली!

घरी येऊन मी नवऱ्याला कागद दाखवला. यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, की नोटिशीचा मसुदा उत्तम आहे, विशेषतः 'अन्यथा'नंतरचा भाग. मी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही. मुलगी शिकायला परगावी असते, तिला फोन केला. तिला वाटलं, कुणीतरी गेलं. सगळं ऐकल्यावर ती इतकी हसली, की मी फोन ठेवला.

मग मी माळ्यावर चढले. जुन्या वह्यांचा गठ्ठा खाली काढला. चौथी वही उघडली आणि ते पान सापडलं. निळ्या शाईत पंजा, सतरावं मिनिट, सगळं. खाली तारीख, संकेतस्थळ निघण्याच्या आठ वर्षं आधीची. तारखेखाली मुख्याध्यापकांची सही. पुराव्याच्या जोरावर माणूस किती ताठ चालतो, ते त्या दिवशी मला कळलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मी तज्ज्ञ बाईंची कचेरी गाठली. त्यांनी ती पाहिली. तारीख पाहिली. सहीवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मला बरं वाटलं. आता माफी येणार, म्हणून मी पदर नीट केला.

"बाप रे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्हणजे सरांनी तुमचं टाचण उचललं."

मी सांगू लागले, की सर असं कुणी नाहीच. पण त्या आता ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्यांचा देव पडला होता. डोळे टिपत त्या एवढंच म्हणाल्या, की तुम्ही काळजी करू नका, मी त्यांना सोडणार नाही.

आणि खरंच सोडलं नाही. तिसऱ्याच दिवशी शाळेत नोटीस आली. श्री. वरीलप्रमाणे यांनी एका शिक्षिकेचे टाचण स्वतःच्या नावे प्रसिद्ध केल्याचे दिसून येते, तरी त्यांनी चौकशी समितीसमोर हजर राहावे. संकेतस्थळावर त्या टाचणाखालचा पत्ता आमच्याच शाळेचा होता, तो मीच तर भरला होता! शिपायाने दिवसभर हजेरीपट चाळले आणि शेवटी मुख्याध्यापकांना सांगितलं, की वरीलप्रमाणे नावाचे सर आपल्याकडे बहुतेक बदलीवर आले होते, पण रुजूच झाले नाहीत.

म्हणजे आता मी दोन बाजूंनी अडकले. एका कागदानुसार मी सरांचं टाचण चोरलं होतं. दुसऱ्यानुसार सरांनी माझं. आणि दोन्ही कागदांना उत्तर मीच द्यायचं होतं.

समितीत तिघं होते, दोन वयस्कर अधिकारी आणि तज्ज्ञ बाई. लांब टेबल, पाण्याचे पेले, एक रिकामी खुर्ची सरांसाठी. मी गेले आणि त्या खुर्चीत बसले.

अधिकारी म्हणाले, बाई, तुमची खुर्ची पलीकडे. मी म्हटलं, मला दोन्ही खुर्च्या लागतील. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. नाव, शाळा, पत्ता, खालची चौकट, वीज कचेरी, नवऱ्याने धरलेला हात. टेबलावरचा एक रिकामा अर्ज ओढला आणि त्यांच्यासमोर भरून दाखवला. शेवटी लिहिलं, वरीलप्रमाणे. आणि कागद त्यांच्याकडे वळवला.

कागद तिघांच्या हातांतून फिरला.

"म्हणजे सर..." एका अधिकाऱ्याने सुरुवात केली.

"मीच," मी म्हटलं. "आणि चौदा हजार लोकांपैकी एकालाही वाटलं नाही, की या बाई असतील."

तज्ज्ञ बाईंनी मान खाली घातली. दुसरे अधिकारी मात्र अस्वस्थ झाले. ते म्हणाले, असं कसं होईल, मी स्वतः सरांना भेटलोय. मागच्या वर्षीच्या चर्चासत्रात. साधा माणूस, बोलतात कमी. पहिल्या अधिकाऱ्याने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते पेल्यातलं पाणी सावकाश प्यायला लागले.

दोन्ही कागद मागे घेतले गेले. सेवापुस्तक कोरं राहिलं. निघताना तज्ज्ञ बाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि त्यांनी माफी मागितली, अगदी मनापासून. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, की खिडकीचं कारण खरंच तेवढंच आहे का? मी म्हटलं, तेवढंच. त्यांना फार वाईट वाटलं. मलाही त्यांच्याकडे बघवेना.

संकेतस्थळावरची चूक मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून घेतली. लेखकाच्या चौकटीत माझं नाव, पूर्ण, मधल्या नावासकट. सतरावं मिनिट काढून टाकलं. बाकी एक काना-मात्रा बदलली नाही. मग रोज सकाळी चहा पिता पिता बघायला लागले, कुणी काही लिहितंय का. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी पहिला अभिप्राय आला. कुठल्याशा दूरच्या शाळेतल्या शिक्षकाचा.

'टाचण बरे आहे. परंतु वरीलप्रमाणे सरांची सर नाही.'

मी तो नवऱ्याला वाचून दाखवला. ते म्हणाले, खाली उत्तर लिही. मी म्हटलं, तुम्ही संगणकाला हात लावायचा नाही.

या सगळ्या चौकश्या-खुलाशांत माझं नेहमीचं काम किती तुंबलं होतं, ते त्याच दुपारी कळलं. मोकळ्या तासाला शिक्षकखोलीत बसले होते. दुसऱ्या दिवशी सातवीला सावली शिकवायची होती आणि टाचणाचा पत्ता नव्हता. वही उघडली. तारीख लिहिली. विषय लिहिला. पुढे सुचेना. डोक्यात नुसत्या नोटिसा फिरत होत्या. तास संपायला पंचवीस मिनिटं होती.

खोलीत कुणी नाही असं बघून मी संकेतस्थळ उघडलं. नुसतं बघायला म्हणून. तिथे सावलीवर कुणीतरी फार सुरेख लिहिलं होतं. मैदानात एका पोराला उभं करायचं, त्याची सावली खडूने आखायची आणि तासाभराने त्याच जागी पुन्हा उभं करायचं. सावली खडूच्या बाहेर निघून गेलेली असते. वाचताना मला पहिल्यांदा माझाच राग आला, की हे आपल्याला का सुचलं नाही.

सगळं उतरवून घेतलं. काना-मात्रेसकट. अक्षर छान आलं.

मुख्याध्यापकांनी संध्याकाळी सही केली आणि म्हणाले, बाई, टाचण लिहावं तर तुम्हीच. आता त्यांना सांगणार होते मी, पण ते घाईत होते. लेखकाचं नाव मी पानाच्या खाली लिहिलंय बरं का, अगदी डाव्या कोपऱ्यात. पेन्सिलने लिहिलंय, एवढंच.