अंबिकाकाकीचा चोरीचा फोन

“काकी, हा फोन चोरीचा आहे,” दौलत म्हणाला.

अंबिकाकाकी खळखळून हसल्या. सकाळच्या पारी कुणी एवढी चांगली गंमत केली, तर हसायला त्यांची कधीच ना नसे. पण दौलत हसत नव्हता, आणि काउंटरवरच्या त्याच्या कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली होती.

परळच्या त्या चाळीच्या तळमजल्यावर दौलतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान जुनं, पण नियम नवा. मागच्याच आठवड्यात त्याची बायको दर्शना दादरच्या फूल मार्केटात शेवंती निवडत असताना तिचा फोन कुणीतरी लांबवला. दौलतने त्याच संध्याकाळी पोलिसांत तक्रार दिली, सरकारी साइटवर खोक्यावरच्या नंबराची नोंद करून फोन बंद पाडला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लावली. ‘हरवलेले व चोरीचे फोन दुरुस्त केले जाणार नाहीत. नियम सगळ्यांना सारखा.’ प्रत्येक फोनला जन्मापासून एक नंबर असतो. तो नंबर साइटवर तपासल्याशिवाय दौलत आता फोनचा स्क्रूसुद्धा सैल करत नव्हता.

अंबिकाकाकींची तक्रार साधी होती. दोन दिवसांपासून फोनला रेंज येत नव्हती, आणि मुलगी श्रेया नाशिकहून फोन लावून लावून दमली होती.

“अरे, तुझ्याच दुकानातून घेतलाय ना मी हा? दिवाळीत? सगळ्या बायकांनी मिळून?”

ते खरंच होतं. महिला मंडळाच्या बायका मंगळागौरीला एकसारख्या साड्या घेतात, तसे त्यांनी दिवाळीत एकसारखे फोन घेतले होते. सगळे आमसुली रंगाचे.

“घेतला असेल हो. पण साइट म्हणते, ह्याची हरवल्याची नोंद आहे. मला ठेवून घ्यावा लागेल. चौकीवर कळवावं लागेल.”

“माका चोर म्हणतंस?” काकींचा आवाज एकदम मालवणात गेला. त्या चिडल्या की तसंच होई.

“संशय नाही हो काकी. नियम आहे.”

असं म्हणून दौलतने फोन ड्रॉवरमध्ये टाकला. त्याला वाईट वाटत होतं, पण आपण किती सरळ माणूस आहोत हे जाणवून थोडं बरंही वाटत होतं. नेमक्या त्याच वेळी जाईबाई चार्जर बदलायला आल्या होत्या. चार्जर तसाच हातात घेऊन त्या जिन्याकडे निघाल्या, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत कुठेही न थांबता गेल्या असं कुणी म्हणणार नाही.

काकींच्या घरात दाराच्या मागे एक लाकडी फळी होती. फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर कुणाच्या ना कुणाच्या घराची जादा चावी. कुणी शिमग्याला गावी गेलं, मे महिन्यात पोरांना घेऊन गेलं, तरी काकी त्यांच्या घरात पाणी भरून ठेवत, तुळशीला घालत, मांजर आत अडकलं तर काढत. लग्न होऊन चाळीत आल्यापासूनचं हे काम. चाळीच्या कमिटीवर काकी कधी निवडून आल्या नव्हत्या, पण ती फळी म्हणजे त्यांची खुर्ची होती. आणि मे महिना तर तोंडावर आला होता.

दुपारी कौसल्या आली. “काकी, आमची चावी द्या हां जरा. पाहुणे येणारेत.”

“कोण गं?”

“ते... अजून ठरायचेत.”

मग नाना आले. त्यांना चावीला तेल लावायचं होतं. “चावीला?” काकींनी विचारलं. “कुलपाला लावतात ना?” “दोन्हीला लावलेलं बरं,” असं म्हणून नानांनी चावी खिशात घातली. मयूर म्हणाला, आईने कुलूपच बदललंय. ज्याचं कुलूप बदललं, त्याला जुनी चावी कशाला हवी, हे काकींनी विचारलं नाही. जाईबाई स्वतः आल्या नाहीत, नातीला पाठवलं. चार वाजेपर्यंत फळीवर खिळेच खिळे दिसायला लागले.

काकींचे यजमान अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. ते आयुष्यात फक्त दोनदा चिडले होते, आणि ही तिसरी वेळ होती. ते तरातरा दुकानात उतरले.

“दौलत, ह्या परळात एवढी हॉस्पिटलं आहेत. कुठला डॉक्टर पेशंटला टाके घालण्याआधी विचारतो, तू चोर आहेस का म्हणून?”

“अण्णा, डॉक्टरने टाके घातलेला पेशंट कुणी बाजारात विकत नाही. फोन विकतात. आम्ही दुरुस्त करून देतो म्हणून चोराचं फावतं. दर्शनाचा फोन असाच कुणीतरी दुरुस्त करून विकला असेल.”

अण्णांना ते पटलं, आणि पटलं म्हणून ते आणखीनच चिडले. “मग माझी बायको दादरला जाऊन पाकीटमारी करते असं म्हणायचंय का तुला?”

“मी कुठं म्हणतोय? साइट म्हणते.”

“साइटला सांग, तिच्या घरची चावी पण घेऊन जा म्हणावं!” अण्णा म्हणाले आणि निघून गेले. दौलतला ह्यातलं काहीच कळलं नाही. चाव्यांची बातमी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

एवढ्यात चौकीवरून हवालदारांचा फोन आला.

“दौलतभाऊ, अभिनंदन! तुम्ही सकाळी तो नंबर कळवलात ना? तक्रारदार सापडला.”

“कोण हो?”

“तुम्हीच. मिसेसचा फोन आहे तो. येतोच मी ताब्यात घ्यायला.”

 दौलतने शटर ओढलं, कुलूप दाबलं आणि एका दमात वर धावला. काकींच्या दारातच दर्शना उभी होती. चाळीत काय चाललंय हे तिला कळलं होतं, आणि आपली चावी मागायला नव्हे, तर काकींना धीर द्यायला ती आली होती.

“दर्शना, तुझा फोन सापडला! काकींकडे!”

गॅलरीत जमलेले सगळे काकींकडे बघायला लागले. काकी मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते बघून नाना खिशातल्या चावीला हात लावत खाली मान घालून उभे राहिले. फक्त अण्णा आत गेले आणि काकींच्या फोनचा खोका घेऊन आले. बँकेतला माणूस, खोके फेकत नसे.

“हा नंबर वाच,” त्यांनी दौलतला फर्मावलं.

खोक्यावरचा नंबर वेगळा होता. म्हणजे काकींचा फोन काकींचा नव्हता, हे आता अण्णांनीच सिद्ध केलं. त्यांच्याही ते लक्षात आलं आणि त्यांनी खोका हळूच पाठीमागे लपवला.

“एक मिनिट,” दर्शना म्हणाली. “रंगपंचमी.”

“काय रंगपंचमी?”

“रंगपंचमीला माझा फोन बादलीत पडला. काकींचा पण, त्याच बादलीत. तुम्हीच दोन्ही उघडून सुकवायला आपल्या तांदळाच्या डब्यात ठेवलेत. वरण-भाताला तांदूळ काढताना मला दोनदा फोन लागले हाताला. मग तुम्ही दोन्ही फोन पुसून कोरे करून दिलेत. कुठला कुणाचा, ते बघितलं होतंत?”

दौलतने आठवून बघितलं. डब्यात दोन आमसुली फोन. दोन्हीवर तांदळाची कणी चिकटलेली. त्याने एक उचलून काकींना दिला होता आणि एक बायकोला. त्या वेळी कसला नंबर नि कसलं काय.

“म्हणजे...” दौलत म्हणाला. “दादरला चोरीला गेला तो...”

“माझा!” काकी ताडकन उठल्या.

तोवर हवालदार जिना चढून वर आले होते. “चला, फोन दाखवा,” ते म्हणाले. दौलतने खिसा चाचपला. मग दुसरा. शर्टाचाही चाचपला. दुकानाची चावी कुठेच नव्हती.

सगळ्यांच्या नजरा काकींच्या फळीकडे गेल्या. एवढ्या खिळ्यांत एकच चावी लटकत होती. दुकानाची जादा चावी. दौलत ती न्यायला आला नव्हता, कारण आपण काय करून ठेवलंय हेच त्याला ठाऊक नव्हतं.

“काकी, तेवढी चावी द्या ना.”

काकी दारात आडव्या उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला.

“कुणाची चावी?”

“माझी.”

“कशावरून?”

“काकी, असं काय करता? तुम्ही ओळखता मला. मी चड्डीत होतो तेव्हापासून!”

“मी पण तुला तेव्हापासूनच ओळखते रे.” काकींचा आवाज जरा हलला, पण त्यांनी तो सावरला. “तुझी चावी हरवली ना? नोंद केलीस? चौकीत कळवलंस?”

“बरोबर बोलतायत त्या,” हवालदार म्हणाले. त्यांना दिवसभरात पहिल्यांदाच मजा येत होती.

“मग मी काय करू, काकी?”

“खिळे भर.”

दौलत समजला. तो एकेका दारात गेला. “चूक माझी होती हो. काकींचा काही दोष नाही. चावी द्या,” असं प्रत्येक उंबऱ्यावर म्हणत तो खालपासून वरपर्यंत फिरला. कौसल्याचे पाहुणे रद्द झाले. मयूरच्या आईचं जुनं कुलूप दारावर परत आलं. जाईबाई म्हणाल्या, “मला तर पहिल्यापासून खात्री होती.” नानांनी चावी स्वतः आणून टांगली. तिला तेलाचा थेंबही लागला नव्हता.

फळी भरली तेव्हा काकींनी सगळ्या चाव्यांवरून एकदा हात फिरवला, आणि मगच शेवटची काढून दौलतच्या हातावर ठेवली. “उघडलंस की परत आणून टांग,” त्या म्हणाल्या. दुकान उघडलं, ड्रॉवर ओढला, तर दौलतची हरवलेली चावी आमसुली फोनच्या शेजारी निवांत पडली होती. सकाळी फोन जप्त करताना त्याने तिलाही जप्त केलं होतं.

दर्शनाने तो फोन काकींनाच देऊन टाकला आणि दौलतला नोंद मागे घ्यायला लावली. दादरला गेलेल्या फोनच्या खऱ्या नंबरची तक्रारही त्याच संध्याकाळी गेली. झाल्या प्रकाराने दौलत इतका वरमला, की दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच स्टुलावर चढून तो पाटी काढायला लागला.

“खबरदार!” खालून आवाज आला.

काकी सकाळी सकाळी खुर्ची घेऊन आल्या होत्या. ती त्यांनी काउंटरच्या शेजारी ठेवली आणि ऐसपैस बसल्या.

“पाटी काढतोस? आणि माझा खरा फोन कुणी दुरुस्त करून विकला म्हणजे? उलट अशी पाटी दादरपासून शीवपर्यंत सगळ्या दुकानांत लागली पाहिजे. उतर खाली.”

दौलत उतरला. पहिलं गिऱ्हाईक आलं. जाईबाई होत्या, हातात त्यांचा आमसुली फोन. आवाज बारीक येतो, एवढीच तक्रार होती.

काकींनी हात पुढे करून फोन घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि दौलतकडे सरकवला.

“नंबर तपास रे.”

“अगो अंबिके, माझा आहे तो!” जाईबाई कळवळून म्हणाल्या. “माझ्यावर संशय?”

“संशय नाय गो,” काकी शांतपणे म्हणाल्या. “नियम आहे.”