नोव्हेंबर चार सात चार्ली माईक

गुरुवारी संध्याकाळी हार्लन क्विस्ट अंगणातून जळाऊ लाकडं घेऊन आत आला, तेव्हा त्याची बायको वर्ना स्वयंपाकघरात फोनवर कोणाला तरी एकेक शब्द तोडून, ओरडून सांगत होती, "हो, हो! नोव्हेंबर! चार! सात! चार्ली! माईक! झालं लिहून?"

हार्लनच्या हातातलं वरचं लाकूड खाली पडलं. त्याच्या विमानाच्या शेपटीवर हाच नंबर होता. ऐकण्यात घोळ होऊ नये म्हणून वैमानिक रेडिओवर 'एन'ला नोव्हेंबर म्हणतात, 'सी'ला चार्ली आणि 'एम'ला माईक. चाळीस वर्षं तो हेच बोलत आणि ऐकत आला होता. अलास्कातल्या त्या बर्चवॉटर गावात मोटारींपेक्षा विमानं जास्त, तिथे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आणि त्याला आधी हँगरमधून बाहेर काढायला हवं!" वर्ना पुढे ओरडली. "नाही हो, वय झालंय त्याचं! सकाळी सुरू व्हायलाच अर्धा तास लागतो! पण आवाज? आवाज अजून खणखणीत!"

एवढ्यात ती वळली, तिला हार्लन दिसला आणि तिने फोन खाली ठेवला.

"कोण होतं?"

"कोणी नाही. राँग नंबर."

"राँग नंबरला एवढं सविस्तर सांगतात?"

"केक खाणार? ब्लूबेरीचा केलाय."

हार्लनच्या मनात पाल चुकचुकली. अडतीस वर्षांच्या संसारात वर्नाने न मागता केक पुढे केल्याचे प्रसंग त्याला दोनच आठवत होते, आणि त्यातल्या दुसऱ्या वेळी तिने त्याची जुनी बोट विकून टाकलेली होती.

केक त्याने खाल्ला, पण चव कळली नाही. वसंतात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वर्ना "आता आणखी किती वर्षं उडणार?" असं दोनदा विचारून चुकली होती. विमान गेलं की पाठोपाठ त्याचा रेडिओवरचा कार्यक्रमही गेला. दर शनिवारी सकाळी दहाला तो गावच्या केंद्रावरून 'आभाळगप्पा' चालवायचा. स्वतःचं विमान नसलेल्या म्हाताऱ्याच्या विमानगप्पा कोण ऐकून घेणार? या विचाराने त्याला खरोखर भीती वाटली.

शुक्रवारी तो विमान ठेवायच्या हँगरवर गेला, तर दार उघडं. आत त्याचा सख्खा मेहुणा, म्हणजे वर्नाचा भाऊ चार्ली, गुडघ्यावर बसून टेपने जमीन मोजत होता.

"काय मोजतोयस रे?"

"काही नाही. जमीन."

"कशाला?"

"सहज. किती आहे बघावं म्हटलं."

"तीस वर्षांत कधी वाटलं नाही ते?"

"आज वाटलं," असं म्हणून चार्लीने टेप खिशात कोंबली. जाता जाता त्याने विमानाकडे पाहून विचारलं, "हे दोन-चार दिवस बाहेर उभं केलं तर चालेल ना?"

आता शंकेला जागाच उरली नाही. गिऱ्हाईक ठरलं, भाऊ-बहीण सामील झाले आणि हँगरसुद्धा भाड्याने जाणार. खुद्द चार्लीशी बोलूनही हार्लनच्या डोक्यात उजेड पडला नाही. संशय आला की माणसाचे कान तिखट होतात, डोकं मात्र बंद पडतं.

शनिवारी दहाच्या ठोक्याला हार्लन स्टुडिओत बसला. एक माईक त्याच्यासमोर टेबलावर होता आणि दुसरा काचेपलीकडे, यंत्रं सांभाळायला. हा दुसरा माईक गेली बारा वर्षं तिथेच बसत होता. आजचा विषय होता, थंडीत इंजिन कसं गरम करावं. हार्लनने दोन मिनिटं इंजिन गरम केलं, मग तो स्वतःच तापला.

"मंडळी, मरू दे ते इंजिन. मला सांगा, एखाद्याच्या घरच्यांनी त्याच्या पाठीमागे त्याचं विमान विकायला काढलं, तर त्याला काय म्हणाल?"

काचेपलीकडे माईकने दोन्ही हात जोरजोरात हलवले. मग गळ्यावरून बोट फिरवलं.

'हाही त्यांच्यातलाच!' हार्लनने मनात नोंद केली आणि पहिला फोन घेतला.

"मी गस, वरच्या बंधाऱ्याजवळून. कोणाचं विमान विकतायत म्हणालास?"

"माझं! नोव्हेंबर चार सात चार्ली माईक!"

"अरेरे! फार वाईट झालं. आणि पंख्याची पाती नवीच आहेत ना रे त्याची?"

हार्लनने फोन कापला. दुसरा आला.

"मी पेट्रा लुंड, नदीपलीकडून. विकलं का? अहो, आधी सांगायचं! बर्फावरच्या दोन गाड्या आणि अर्धा मूस देते मी. परवाच मारलाय, सांबरापेक्षा थोरलं जनावर, मांस ताजं आहे."

"बाई, ते विकायचं नाहीये!"

"बरं, पाऊण मूस."

माईकने एव्हाना डोकं टेबलावर टेकलं होतं. फोनचे दिवे विझायला तयार नव्हते. हार्लनने तिसरा उचलला. ओडेगार्डबाई होत्या. वय चौऱ्याऐंशी, ऐकू कमी येतं, त्यामुळे बोलणंही मोठ्याने.

"हार्लन! कळलं का तुला शेवटी? बरं झालं बाई, माझ्या पोटात काही राहत नाही!"

"म्हणजे बाई, तुम्हालाही ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हणजे? गुरुवारी वर्नाने सगळं लिहून घ्यायला लावलं. नोव्हेंबरची चार तारीख, संध्याकाळी सात, तुझ्याच हँगरमध्ये. चार्ली फिडल वाजवणार, माईक सामन मासे भाजणार. तुझ्या कार्यक्रमाला पंचवीस वर्षं झाली ना! तयारीसाठी तुला आधी तिथून बाहेर कसं काढायचं, एवढंच ठरायचं होतं. मी काय विचारत होते, पाव आणू की बटाट्याचं सॅलड?"

हार्लनने कपाळावर हात मारला, तो आवाज अख्ख्या खोऱ्यातल्या रेडिओंवर ऐकू गेला.

"सॅलड," हार्लन कसाबसा म्हणाला.

वय झालंय, सुरू व्हायला अर्धा तास लागतो, आवाज मात्र खणखणीत, हे सगळं विमानाबद्दल नव्हतंच तर! त्याला इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं, की डोळे कशाने भरून आले हे त्याचं त्यालाच कळेना. त्याने काचेकडे पाहिलं. माईक एक बोट वर करून सांगत होता, आणखी एक फोन आहे.

"हॅलो," पलीकडून ओळखीचा आवाज आला. "वर्ना बोलतेय. घरून."

"वर्ना, ऐक ना, मला वाटलं की..."

"तुला काय वाटलं ते सगळ्या गावाने ऐकलं. देवाशपथ सांगते हार्लन, विमान विकायचं माझ्या स्वप्नातही नव्हतं."

"माहितीये गं. चुकलंच माझं."

"नव्हतं, म्हणजे आत्ता सव्वादहापर्यंत नव्हतं. ती पाऊण मूसवाली बाई आहे ना, तिचा नंबर घेतलाय का कोणी?"

हार्लनने घाईघाईने काचेकडे पाहून मान नकारार्थी हलवली. काचेपलीकडे माईकने त्या सकाळी पहिल्यांदाच हसून अंगठा वर केला, आणि दुसऱ्या हाताने नंबर लिहिलेला कागद काचेला लावून धरला.